चिनी काढा आणि परदेशची चौकी

परदेशीं बिऱ्हाड हालविण्याचा प्रसंग ज्यांच्यावर आला असेल त्यांस हें सांगावयास नको, कीं भांडींकुंडीं, कपडेलत्ते आणि पुस्तकें यांची चिंता मनुष्य फारशी करीत नाहीं. त्यांची यादी होते, पेट्या भरल्या जातात, आणि एखादी पेटी वाटेंत गहाळ झाली तरी चार दिवस हळहळून मनुष्य नवी वस्तु विकत आणतो. खरी पंचाईत होते ती पुड्यांची. कोणी प्रेमानें बांधून दिलेल्या, नांव न लिहिलेल्या, उग्र वासाच्या त्या लहान लहान पुड्या पेटींत घालाव्या तर वाटेंतल्या चौकीवर त्यांचें काय होईल हें कळत नाहीं, आणि मागें ठेवाव्या तर देणाराचें तोंड डोळ्यांपुढून हालत नाहीं. इ. स. २०१८ च्या मार्च महिन्यांत हाँगकाँगमधलें अकरा वर्षांचें बिऱ्हाड मोडून आम्ही मेलबर्न येथें कन्येकडे राहावयास निघालों, तेव्हां अशा सत्तावीस पुड्या व एक बरणी आमच्या वांट्याला आली होती.

आमच्या समोरच्या बिऱ्हाडांत एक वृद्ध चिनी बाई एकट्याच राहत असत. त्यांचें नांव सांगण्याचें येथें कारण नाहीं. आमच्या घरीं त्यांस सर्वजण ‘पोपो’ म्हणत, आणि कँटनी बोलींत पोपो म्हणजे आजी. आम्ही राहत होतों तो साइ यिंग पुन नांवाचा भाग हाँगकाँग बेटाच्या पश्चिम अंगास आहे. तेथून थोडें चाललें म्हणजे को शिंग नांवाचा रस्ता लागतो, आणि त्या रस्त्यावर काष्ठौषधींच्या दुकानांखेरीज दुसरें फारसें कांहीं दिसत नाहीं. दारांत गोणी उघड्या ठेवलेल्या, आंत भिंतभर लहान लहान खणांचें लाकडी कपाट, आणि मांडणीमागें तराजू घेऊन उभा असलेला गडी. पुण्याच्या मंडईजवळील काष्ठौषधींच्या दुकानांत डोळे मिटून उभें राहावें आणि त्याच वासांत थोडासा समुद्राचा खारट वास मिसळावा, म्हणजे को शिंग रस्त्याची कल्पना येईल. पोपोंचे यजमान याच रस्त्यावरील एका दुकानांत चाळीस वर्षें मुळ्या कापण्याचें काम करीत होते. त्यांच्या पश्चात् पोपोंपाशीं पैसा फारसा राहिला नव्हता, पण घरांत औषधांच्या बरण्यांची उतरंड होती.

आमच्या मंडळींची व पोपोंची ओळख खोकल्यामुळें झाली. पहिल्याच हिवाळ्यांत मंडळींना असा खोकला जडला कीं रात्रीं भिंतीपलीकडे ऐकूं जाई. तिसऱ्या दिवशीं पोपो एक वाटी काळा काढा घेऊन दारांत उभ्या राहिल्या. आम्हीं साशंक मुद्रेनें तो हुंगला. आमचा जन्म बँकेंत दुसऱ्यांच्या सह्या पारखण्यांत गेलेला; ओळख पटल्याशिवाय कांहीं गळ्याखालीं उतरूं द्यावयाचें नाहीं ही संवय. मंडळींनीं मात्र एक घोट घेतला आणि म्हटलें, “अहो, हा तर ज्येष्ठमध!” आणि खरोखरच तो ज्येष्ठमध होता. सुंठ होती, दालचिनी होती. पुढें अकरा वर्षांत दोघींमधला व्यवहार मंडळींच्या बाजारी कँटनीवर व हातवाऱ्यांवर चालला, पण औषधांपुरता त्यांना दुभाषा कधींच लागला नाहीं. वस्तु पुढें ठेवावयाची, हुंगावयाची, आणि आपापल्या भाषेंत नांव सांगावयाचें, एवढ्यावर काम भागे.

हें साम्य केवळ योगायोगाचें नव्हे. दालचिनी या शब्दांतच चीन बसलेला आहे. आपल्या वैद्यकांतील चोपचिनी ही चीनचीच मुळी. सोळाव्या शतकांतील भावप्रकाशानें ती फिरंगरोगावर सांगितली, आणि त्याच शतकांत, १५६३ सालीं, गोव्यास छापलेल्या आपल्या संवादरूप ग्रंथांत गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्यानेंही तिच्यावर एक प्रकरण खर्ची घातलें. तिकडे चीनमध्यें ली शिचन याचा १८९२ द्रव्यांचा प्रचंड निघंटु १५७८ सालीं पुरा झाला व १५९६ सालीं छापून निघाला. दोन्ही देशांचे वैद्य एकमेकांचीं पुस्तकें वाचीत होते असें नाहीं, पण त्यांच्या मुळ्या एकाच गलबतांतून जात-येत होत्या.

आमची कन्या मेलबर्नला गर्भवती आहे ही बातमी आली, त्याच वेळीं आमच्या नोकरीची मुदतही संपत आली होती. चिनी लोकांत बाळंतिणीनें महिनाभर घरांत बसावयाचें, वारा लागूं द्यावयाचा नाहीं, गार पाणी प्यावयाचें नाहीं, केस धुवावयाचे नाहींत, असा कडक नियम आहे. त्यास ते ‘महिना बसणें’ म्हणतात. आपल्या सव्वा महिन्याशीं त्याचें इतकें जुळतें कीं पोपो नियम सांगत आणि मंडळी पुढचा नियम आपणच पुरा करीत. एके ठिकाणीं मात्र गाडें अडलें. कँटनी बाळंतिणीचें मुख्य पक्वान्न म्हणजे आलें व गोड शिरका यांत शिजविलेले डुकराचे पाय. तें ऐकून मंडळींचा चेहरा जो झाला तो पाहून पोपोंनीं ताबडतोब पाय वजा केले. आलें व शिरका राहिला. अंड्याविषयीं बराच वेळ वाटाघाट झाली. ती कशी मिटली हें आम्हांस अद्यापि कळलेलें नाहीं.

मग पुड्या बांधण्यास आरंभ झाला. सतराव्या शतकांतील फू छिंगचू या वैद्याच्या नांवावर चालणारा एक प्रसिद्ध बाळंतकाढा आहे. त्यांत तांगक्वै व छ्वानश्युंग या दोन मुळ्या, पीचच्या बियांतला मगज, भाजलेली सुंठ आणि भाजलेला ज्येष्ठमध अशीं पांच द्रव्यें असतात. त्याच्या पुड्या निराळ्या. लाल बोरें व गोजीचीं फळें यांचीं पुडकीं निराळीं. पोटफुगीसाठीं मू श्यांग नांवाच्या सुगंधी मुळीचे काप घातलेल्या सहा पुड्या. रक्तवृद्धीसाठीं एक काळी, चकचकीत, कांचेसारखी वडी होती; ती कशाची म्हणून विचारतां पोपोंनीं दोन्ही हात डोक्यावर कानांसारखे धरून दाखविले. ती गाढवाच्या कातड्याचा काढलेला सरस होती! या सरसाला चीनमध्यें एवढी मागणी वाढली आहे कीं आफ्रिकेंतील गाढवें झपाट्यानें कमी होऊं लागलीं, आणि अखेर २०२४ च्या फेब्रुवारींत आफ्रिकी राष्ट्रसंघानें कातड्यांसाठीं होणाऱ्या त्यांच्या कत्तलीस बंदी घालण्याचें ठरविलें. जेजुरीस पौषी पौर्णिमेला भरणारा गाढवांचा बाजार आम्हीं लहानपणीं पाहिला आहे. गाढवाची ही योग्यता तेथें कोणाच्या स्वप्नांतही आली नसती. मंडळींनीं ती वडी दोन बोटांनीं उचलून वेगळ्या कागदांत गुंडाळली, आणि हात धुतले. पण परत केली नाहीं.

आमच्या कचेरींतील एका चिनी स्नेह्यानेंही निरोपाच्या वेळीं एक भेट दिली. मेणाच्या गोळ्यांत बंद केलेली, सोन्याचा वर्ख लावलेली ती गुटिका पक्षाघातावर रामबाण म्हणून तिकडे जपून ठेवतात. तिच्यांतील द्रव्यें वाचून आम्हांस आपल्या रसशाळेंत आल्यासारखें वाटलें: हिंगूळ, मनशीळ, गोरोचन, कस्तूरी. पूर्वीं तींत गेंड्याचें शिंग घालीत. १९९३ सालीं चीन सरकारनें गेंड्याचें शिंग व वाघाचीं हाडें यांचा व्यापार बंद केल्यापासून म्हशीच्या शिंगावर काम भागवितात. तरी पारा आणि सोमल यांचीं संयुगें व वर कस्तूरी असलेली ती वस्तु घेऊन कोणत्याही चौकीसमोर उभें राहण्याची आमची छाती नव्हती. ती आम्हीं हात जोडून परत केली. स्नेही पुरुष होता, व्यवहारी होता. त्यास राग आला नाहीं.

पण बरणीचें तसें नव्हतें. निघण्याच्या आदल्या आठवड्यांत पोपोंनीं ती आणून दिली. आंत संत्र्याच्या जातीच्या फळाची वाळविलेली साल होती. रंग जवळजवळ काळा, वास मधुर व किंचित् कापरासारखा. तिकडे या सालीस चेन्पी म्हणतात, आणि त्या शब्दाचा अर्थच ‘जुनी साल’ असा आहे. ती जितकी मुरेल तितकी गुणकारी व तितकीच महाग. पोपोंचें माहेर शिन्हुई येथलें, आणि चेन्पीसाठीं सर्व चीनमध्यें नांवाजलेलें गांव तें हेंच. बरणीवरील कागदावर १९९१ हें साल लिहिलें होतें. त्या वर्षीं त्यांची एकुलती एक मुलगी व्हँकूव्हरला गेली. १९९७ सालीं हाँगकाँग चीनच्या स्वाधीन व्हावयाचें होतें, आणि पुढें काय होईल या भयानें त्या काळीं हजारों कुटुंबें कॅनडांत व ऑस्ट्रेलियांत जाऊन राहिलीं. मुलीच्या बाळंतपणासाठीं म्हणून पोपोंनीं व त्यांच्या यजमानांनीं त्या हिवाळ्यांत ही साल वाळवून ठेवली. बाळंतपण आलें तेव्हां परवाना मिळून पोपो पोहोंचेपर्यंत महिना बसण्याची मुदत टळून गेली होती. मुलीनें पहिल्याच आठवड्यांत केस धुतले होते, हें सांगतांना सव्वीस वर्षांनंतरही त्यांच्या कपाळास आठी पडली. बरणी तशीच परत आली, व फडताळांत राहिली.

ही बरणी न्यावी कीं न न्यावी हा प्रश्नच नव्हता. कशी न्यावी एवढाच होता.

ऑस्ट्रेलियांत उतरणाऱ्या प्रत्येक प्रवाशास एक कार्ड भरून द्यावें लागे. त्यांत वनस्पति, वनस्पतींचे भाग, परंपरागत औषधें अथवा वनौषधी आपणांपाशीं आहेत काय, असा स्पष्ट प्रश्न असे, आणि पुढें होय व नाहीं अशा दोन चौकटी असत. तो देश बेट आहे. जगांतील पुष्कळ रोग व किडी तेथें अद्याप पोहोंचलेल्या नाहींत, आणि त्या पोहोंचूं नयेत म्हणून १९०८ सालच्या जुन्या कायद्याच्या जागीं २०१६ च्या जूनपासून नवा कायदा अमलांत आला आहे. आम्हीं जीस या लेखाच्या मथळ्यांत चौकी म्हटलें ती वास्तविक जकातीची नव्हे. जकात घेऊन माल सोडून देतात, येथें पैसे देऊन सुटका नाहीं. हा विटाळाचा मामला आहे. क्वारंटाइन हा शब्द मूळचा इटालियन लोकांच्या चाळीस या आंकड्यावरून आलेला. रोगराईच्या दिवसांत जहाजांस चाळीस दिवस बाहेर ठेवीत. बाळंतिणीचे दिवस काय किंवा जहाजाचे काय, शिवूं नये म्हणून मोजलेले दिवस सगळीकडे चाळिसाच्या आसपासच यावे याची आम्हांस गंमत वाटते.

कन्येनें फोनवर बजावलें होतें, “बाबा, सगळें लिहून द्या. इथें सांगितलेल्या वस्तूचा दंड होत नाहीं, लपविलेल्याचा होतो. आणि आईला म्हणावें, डॉक्टरांना विचारल्याशिवाय मी त्यांतलें कांहीं घेणार नाहीं.” तिचा हा हट्ट वाजवी होता. तांगक्वै ही मुळी रक्त पातळ करणाऱ्या कांहीं औषधांचा जोर वाढविते. शिवाय चिनी औषधांत नांवाच्या सारखेपणामुळें अनर्थ झालेला आहे. १९९० नंतरच्या एक-दोन वर्षांत ब्रुसेल्स येथील एका चिकित्सालयांत अंग उतरविण्यासाठीं दिलेल्या गोळ्यांत फांग ची नांवाच्या एका मुळीऐवजीं जवळच्या नांवाची दुसरीच विषारी मुळी पडली, आणि शंभरांहून अधिक स्त्रियांचीं मूत्रपिंडें निकामी होण्याच्या पंथास लागलीं. तेव्हां पुडीवर नांव नाहीं म्हणून चौकीवरील मनुष्य कपाळास आंठ्या घालतो तो निव्वळ हेकेखोरपणा नव्हे.

हें सारें आम्हांस ठाऊक होतें. तरीही निघण्याच्या आदल्या रात्रीं आमची बुद्धि फिरली, हें कबूल केलें पाहिजे. पुड्या गेल्या तर जावोत, पण बरणी जाऊं नये, असें वाटूं लागलें. साल काळी, चुरगळलेली; चहाच्या डब्यांत चहापत्तीखालीं दडविली तर कोणाच्या बापाला दिसणार? आम्हीं डबा काढला. साल त्यांत घालून वर चहा पसरला, आणि तो सारखा करीत असतां मंडळी मागें येऊन उभ्या राहिल्या.

“अहो, बत्तीस वर्षें लोकांच्या सह्या तपासल्यात,” त्या म्हणाल्या, “आणि आतां स्वतःची खोटी करणार?”

आम्ही म्हणालों, “सही खोटी कशी? चहा आहेच कीं वर.”

त्यांनीं उत्तर दिलें नाहीं. डबा आमच्या हातांतून घेतला, परातींत ओतला, आणि रात्रीं बारापर्यंत बसून चहांतून सालीचा एक एक तुकडा वेचून बरणींत भरला. आम्हीं मदत करूं लागलों तर “नको” म्हणाल्या. बत्तीस वर्षांच्या संसारांत आम्हांस इतकें लहान क्वचितच वाटलें असेल.

मेलबर्नला उतरतांच होय या चौकटींत खूण केलेलें कार्ड पाहून आम्हांस वेगळ्या रांगेंत उभें केलें. समोर एक तरुण बाई होती. चेहरा चिनी वळणाचा, बोलणें अस्सल ऑस्ट्रेलियन. तिनें सत्तावीसही पुड्या पोलादी मेजावर ओळीनें मांडावयास लावल्या. त्यांच्या शेजारीं आमची स्वतःची पिशवीही उघडली गेली. नातवंडासाठीं म्हणून मंडळींनीं बाळगुटीचें सर्व साहित्य बरोबर घेतलें होतें: हिरडा, बेहडा, मुरुडशेंग, वेखंड, मायफळ, हळकुंड, खारीक, बदाम, आणि कागदांत गुंडाळलेली सहाण.

आतां आम्हांस वाटलें होतें तें असें, कीं जी कांहीं अडचण यावयाची ती चिन्यांच्या पुड्यांत येईल. आपली बाळगुटी सात्त्विक, निरुपद्रवी, पिढ्यान्‌पिढ्या बाळांना दिलेली. त्या बाईनें भिंग घेऊन एक एक वस्तु पाहिली. पोपोंच्या पुड्यांत तिला धुळीचा कणही सांपडला नाहीं. मग तिनें आमची खारीक उचलली, ती पांढऱ्या कागदावर ठोकली, आणि तींतून एक तांबूस किडा बाहेर येऊन आमच्या देखत शांतपणें चालूं लागला. ती एकदम मागें सरली व दुसऱ्या अधिकाऱ्यास हांक मारली. त्या देशांत सांठवणीच्या धान्यावरील किड्यांपैकीं ज्याची सर्वांत धास्ती घेतात त्याचें नांव खपरा, आणि तें नांवही आपल्याच देशांतलें! याच्या अळ्या अन्नावांचून वर्षानुवर्षें फटींत दडून राहूं शकतात. सुदैवानें आमचा किडा तो नव्हता. पण बाळगुटीची पिशवी, एक सहाण वगळून, सबंध गेली. मंडळी त्या किड्याकडे अशा पाहत होत्या कीं जणूं त्यांच्या सासरच्या कुळाची अब्रूच कागदावरून चालत होती.

चिनी पुड्यांचा निकाल भराभर लागला. दुकानांतून मोहोरबंद आलेल्या, वर नांव छापलेल्या पुड्या बहुतेक सुटल्या. हातानें बांधलेल्या बहुतेक राहिल्या. गाढवाचा सरस गेला, त्याचें कोणासही वाईट वाटलें नाहीं. मू श्यांगच्या सहा पुड्या मात्र तिनें बाजूला काढून निराळ्याच कागदावर नोंदल्या, आणि त्या वनस्पतीचें शास्त्रीय नांव उच्चारलें तेव्हां आम्ही थक्क झालों. ही मू श्यांग म्हणजे आपलें उपलेट, वैद्यकांतील कुष्ठ! अथर्ववेदांत जिची स्तुति आहे ती हिमालयांतली वनस्पति. काश्मीरच्या डोंगरांतून खणलेली ही मुळी शतकानुशतकें हिंदुस्थानच्या बंदरांतून चीनला जात असे. व्यापारी तीस पुटचुक म्हणत. चीनमध्यें ती कँटनच्या बंदरांत उतरे म्हणून तिकडे तिचें नांवच कँटनी मू श्यांग पडलें. श्यांग म्हणजे सुगंध; हाँगकाँग या नांवाचा अर्थ ‘सुगंधी बंदर’ असा करतात, त्यांतलें पहिलें अक्षर हेंच. इतकी ती खणली गेली कीं डोंगरांत दुर्मिळ झाली. दुर्मिळ प्राणी व वनस्पति यांच्या व्यापारासंबंधीं १९७३ सालीं वॉशिंग्टन येथें जो आंतरराष्ट्रीय करार झाला व १९७५ सालीं अमलांत आला, त्याच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक परिशिष्टांत १९८५ सालीं तिचें नांव गेलें. वाघ त्याच परिशिष्टांत आहे. आतां चीन ती युन्नानच्या डोंगरांत लावतो, पण परवान्याचा कागद बरोबर नसेल तर सीमेवर शेतांतली व रानांतली यांत भेद करीत नाहींत. आमच्याच हिमालयाची मुळी, चिनी आजीनें आमच्याच लेकीसाठीं बांधलेली, तिसऱ्याच देशानें आमच्याकडून काढून घेतली. आणि या व्यवहारांत चूक कोणाचीच नव्हती.

सरतेशेवटीं बरणी. त्या तरुण बाईनें झांकण उघडलें, वास घेतला, आणि क्षणभर ती अधिकारी राहिली नाहीं. “माझी आजी लाल कडधान्याच्या गोड खिरींत ही घालीत असे,” ती म्हणाली. आमच्या मनांत आशा उत्पन्न झाली. तिनें झांकण लावलें. घरीं वाळविलेली साल, झाड कोठलें, बाग कोठली, रोग होता कीं नव्हता, कांहींच लिहिलेलें नाहीं. ही सोडतां येणार नाहीं. २००४ सालीं क्वीन्सलँडमधील एमराल्ड या गांवीं संत्र्या-लिंबांच्या झाडांवर खैऱ्या रोग आला, तो निपटून काढावयास २००९ साल उजाडलें, आणि त्या भागांतील बागाच्या बागा उपटून जाळाव्या लागल्या, असें तिनें सांगितलें. योगायोग पाहा, या जातीच्या फळझाडांवरील ज्या दुसऱ्या रोगाला तो देश अतिशय भितो, त्याचें जगभर रूढ झालेलें नांवही चिनी आहे. त्याचा अर्थ ‘पिवळ्या ड्रॅगनचा रोग’.

तिनें सांगितलें कीं माल नष्ट करावयास सोडून देतां येईल, किंवा स्वखर्चानें आला तेथें परत पाठवितां येईल. आम्हीं लगेच म्हटलें, परत पाठवूं. पोपोंपाशीं तरी राहील. परंतु मंडळी कागद पुढें ओढून सही करूं लागल्या होत्या.

“एकदां परत गेलीच आहे ती बरणी त्यांच्याकडे,” त्या म्हणाल्या. “पुन्हां नको. आहेर दोनदां परत करायचा नसतो.”

आणि त्यांनीं नष्ट करण्याच्या रकान्यांत सही केली. बरणी रिकामी करून, पुसून, आम्हांस परत मिळाली.

एप्रिलमध्यें कन्येस मुलगी झाली. मेलबर्नच्या पूर्वेस बॉक्स हिल म्हणून चिनी वस्तीचें उपनगर आहे. तेथील दुकानांत चेन्पी, तांगक्वै, लाल बोरें सारें राजरोस मिळतें, आणि चिनी वैद्यांस त्या देशांत २०१२ च्या जुलैपासून सरकारी नोंदणीही आहे. हें आम्हांस आधीं कां सुचलें नाहीं, असें वाचक विचारतील. सुचलें असतें तरी पोपोंना कसें सांगितलें असतें? मंडळींनीं तेथून पुडाभर चेन्पी आणली, डॉक्टरांस विचारून, आल्याबरोबर उकळून मुलीस दिली. तांगक्वैला डॉक्टरांनीं नकार दिला तो त्यांनीं मुकाट्यानें मानला.

दहाव्या दिवशीं पोपोंच्या भाच्यानें फोन लावून दिला. पडद्यावर त्यांचा चेहरा फार जवळ आला होता. नाक व चष्मा एवढेंच दिसत होतें.

“साल उकळलीस?” त्यांनीं विचारलें.

“उकळली, पोपो.”

“पोरीनें घेतली?”

“रोज घेते.”

पोपो प्रसन्न झाल्या. फोन बंद झाल्यावर आम्हीं एवढेंच म्हटलें, कीं आमचा चहाचा डबा परातींत ओतणाऱ्या त्या याच काय? मंडळी तडकून म्हणाल्या, “कार्डावर दोन चौकटी होत्या. पोपोंनीं विचारलें त्याला चौकट नव्हती.” आम्ही गप्प बसलों. परंतु त्या रात्रीं त्यांस झोंप लागली नाहीं, व दुसऱ्याही रात्रीं नाहीं. तिसऱ्या दिवशीं आम्ही बाळाला घेऊन बाहेर सोप्यावर बसलों असतां आंतून त्यांचा आवाज ऐकूं आला. त्यांनीं स्वतःच फोन लावला होता. मोडक्यातोडक्या कँटनींत, जेथें शब्द अडेल तेथें मराठी घालीत, त्या सर्व सांगत होत्या: मेज, भिंग, खारकेंतला किडा, सही. दुसऱ्या बाजूनें बराच वेळ शब्द आला नाहीं. मग पोपोंनीं विचारलें, पुरली कीं जाळली?

“जाळली असेल,” मंडळी म्हणाल्या.

“मग वास चांगला सुटला असेल,” पोपो म्हणाल्या, आणि थोड्या वेळानें, “तुला वाटलें मी सगळी दिली? अर्धी इथें आहे. मुळ्या कापणाऱ्याची बायको मी. सगळा माल एका गलबतांत घालीन?”

पुढें दोन वर्षांनीं सांथ आली, देशोदेशींचीं दारें मिटलीं, आणि चाळीस दिवसांचा तो जुना शब्द पुन्हां सर्वांच्या तोंडीं झाला. हाँगकाँगला जावयास आम्हांस २०२३ चा नोव्हेंबर उजाडला. पोपो आतां नव्वदीच्या पुढें गेल्या आहेत, व ऐकूं कमी येतें. त्यांनीं मंडळींस पाहिलें, मग आमच्या पांच वर्षांच्या नातीस पाहिलें, आणि कांहीं एक न बोलतां स्वयंपाकघरांत जाऊन फडताळांतून बरणी काढली. आम्हीं मेलबर्नहून त्यांची रिकामी बरणी बरोबर आणली होती. ती त्यांनीं घेतली, उजेडांत धरून पाहिली, व जिच्या जोडीची होती तिच्या शेजारीं ठेवली. मग साल उकळली. नातीनें एक घोट घेतला, तोंड वेडेंवांकडें केलें, आणि इंग्रजींत विचारलें कीं यांत साखर कां नाहीं. पोपोंना तें समजलें नाहीं. त्यांनीं तिच्या केसांवरून हात फिरविला आणि मंडळींकडे वळून खुणेनें विचारलें, महिनाभर धुतले नव्हते ना?

मंडळींनीं मान हालविली. ती होय अशी कीं नाहीं अशी हें आम्हांस सांगतां येणार नाहीं.